मनमायाची जन्मतारीख

नवरा-बायको मिळून खातं उघडायला आले की भांडण कशावरून होतं, सांगू? पैशावरून नाही. पैसे तेव्हा बिचाऱ्यांकडे नसतातच. भांडण होतं फॉर्मवरच्या एका रकान्यावरून. 'खाते कोण चालवणार?' असा तो रकाना आहे. लोकांना तो दिसतही नाही, एवढ्या बारीक अक्षरांत छापलेला असतो. पण मी तो दाखवायचीच. बोट ठेवून दाखवायची. म्हणून निम्मे नवरे माझ्यावर नाराज असायचे.

मी सातवी पास. डहाणू रोडला माझ्या स्वतःच्या खात्याचा फॉर्म बँकेने तीनदा परत केला, तेव्हा चिडून मी तो घरी आणला आणि ओळन् ओळ वाचून काढला. चौथ्यांदा पास झाला. मग शेजारणीचा भरला, तिच्या नणंदेचा भरला, आणि बघता बघता बँकेबाहेर माझं टेबल लागलं. पुढे बँकेनेच मला बँक मित्र केलं. म्हणजे काय, तर एक अंगठ्याचं मशीन, एक नंबर, ज्याला आम्ही कोड म्हणतो, आणि गावोगाव फिरायचं. मंगळवारी सायवन, शुक्रवारी झाई, उरलेले दिवस डहाणू रोड. कोड टाकल्याशिवाय मशीन उघडत नाही. तो कोड हीच आमची नोकरी.

तर तो रकाना. त्यात तीन घरं. पहिलं, खातं एकट्याने चालवायचं, दुसऱ्याचं नाव नुसतं शोभेला. दुसरं, दोघांपैकी कोणीही एक, आणि एक गेला तर मागे राहील तो. तिसरं, दोघांच्या सह्या झाल्या तरच पैसे. मी लोकांना सांगायची, घराच्या किल्लीसारखं आहे. एकाकडेच किल्ली, की दोघांकडे एकेक, की दोन कुलपं आणि दोघं हजर असल्याशिवाय दारच उघडत नाही? मग लगेच समजायचं.

फुग्याच्या कारखान्यातला एक बिहारी कारागीर होता. मला म्हणाला, "ताईजी, उसका नाम डालो, लेकिन पैसा ना निकाल पाए, ऐसा डालो."

मी म्हटलं, "मग नाव कशाला? बायकोचा फोटो लाव भिंतीवर."

पदराआडून बायको म्हणाली, "तो राशन कौन लावेगा, तोहार बाबूजी?"

रांगेतले सगळे हसले. त्याने मुकाट्याने दुसऱ्या घरात खूण करू दिली.

सायवनला एक जोडपं आलं होतं. मी नात्याच्या रकान्याशी थांबले. विचारलं, "लग्न झालंय ना?" तो शांतपणे म्हणाला, "लगीन नाय झालां. पोरां झालीत दोन." आमच्याकडच्या पाड्यांवर हे नवीन नाही. संसार आधी थाटतात, मांडव पैसे जमतील तेव्हा घालतात. कधी आईबापाचं आणि मुलाचं लग्न एकाच मांडवात लागतं. मी 'पत्नी' लिहिलं आणि पुढे गेले. बँकेला अक्षता लागत नाहीत, सही लागते.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण मला मनमायाची गोष्ट लिहायची आहे. कारण तिथे चूक माझी होती.

मनमाया आणि तिचा नवरा लोकबहादूर, दोघं नेपाळचे. झाईला एका चिकूच्या वाडीत तो राखणदार, ती चिकू वेचायला आणि धुवायला. वाडीच्या कोपऱ्यातल्या खोलीत संसार. मालकाने पगार बँकेतून द्यायचं ठरवलं म्हणून लोकबहादूर एका शुक्रवारी माझ्याकडे आला, एकटाच.

मी विचारलं, "बायको कुठे आहे?"

"कामावर."

"घेऊन ये. दोघांचं काढू."

"तिला काय कळतं बँकेतलं?"

"तुला कळतं?"

तो हसला. म्हणाला, "नाही."

"मग दोघांना सारखंच कळत नाही. ये घेऊन."

दुपारी तिला घेऊन आला. वीस-एकवीसची पोर, पोटुशी. वाडीतल्या बायकांमध्ये राहून ती त्यांचीच बोली शिकली होती. मला म्हणाली, "दिदी, मना काय ठाव नाय, तुमी सांगाल तां." नेपाळची बाई वारल्यांची बोली बोलते, हे ऐकून चहावाला टपरीतून बाहेर येऊन बघायला लागला.

किल्लीची गोष्ट सांगितली. लोकबहादूरने थोडा विचार केला आणि म्हणाला, "दोघांकडे एकेक. मी रात्रभर वाडीत असतो, दिवसा झोपतो. बँकेत हीच जाणार."

तेव्हा दोघांकडे आधार नव्हतं. त्यांच्या देशाचा नागरिकतेचा दाखला होता, मालकाचं राहण्याचं पत्र होतं. ते कागद घेऊन मी डहाणू रोडच्या शाखेत गेले. दाखला बघून तिथला क्लार्क खुर्चीतून पडायचा बाकी. म्हणाला, "ताई, ही बाई अजून जन्माला यायची आहे!"

लोकबहादूरच्या कागदावर इंग्रजी तारीखही होती, पण मनमायाच्या दाखल्यावर जन्म नुसता असा लिहिला होता, साल दोन हजार एकावन्न, जेठ महिना, बारा गते. अक्षरं आपलीच, देवनागरी, म्हणून वाचता सगळं येतं. पण साल त्यांचं विक्रम संवत. क्लार्क म्हणाला, इंग्रजी तारीख आणा, मग फॉर्म घेतो.

मला काय, मला तर आनंद झाला. विक्रम संवत मला ठाऊक होतं ना! आमच्या शेजारी शारदाबेन. गुजराती घर, किराण्याचं दुकान. त्यांच्याकडे दिवाळीला नवीन साल लागतं, वह्यांची पूजा होते. त्यांच्या सासऱ्यांना जुनी पंचांगं जपून ठेवायची सवय, लाल फडक्यात बांधलेला गठ्ठाच होता. शारदाबेननी दोन हजार एकावन्नचं पंचांग शोधून काढलं. आम्ही दोघी चष्मे लावून ओट्यावर बसलो.

"जेठ सुद बारस की वद बारस?" त्यांनी विचारलं.

मी पुढच्या शुक्रवारी मनमायाला विचारलं, "सुद की वद?"

ती म्हणाली, "गते."

"ते कळलं गं. पण चांदण्यातला की अंधारातला?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने वाडीकडे. मी आपलं शुभ पाहून सुद धरलं. शारदाबेननी बोट फिरवून तारीख काढली, जून महिना, एकोणीसशे पंच्याण्णव. मी ती फॉर्मवर सुंदर अक्षरांत लिहिली. क्लार्कने मान्य केली. मला एवढा अभिमान वाटला की त्यानंतर जो नेपाळी येई त्याला मी सांगायची, "तारखेची काळजी करू नकोस, मी काढून देते."

मुलगी झाली. तिला खांद्यावर घेऊन मनमाया दर महिन्याला यायची. चिकूचा चीक बोटांवर बसून रेघा बुजायच्या, मशीन अंगठा घ्यायचं नाही. मग मी तिला खोबरेल चोळून, राखेने हात धुवायला लावायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी घ्यायचं. लोकबहादूर खात्याकडे फिरकलाही नाही. म्हणायचा, "बँक मॅनेजर घरात आहे माझ्या."

मुलगी दुसरीत असताना लोकबहादूरला कावीळ झाली. झाडपाल्यावर दिवस घालवले, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. गेला.

त्याचा थोरला भाऊ वापीला एका सोसायटीत राखणदार होता. त्यांच्यात नवऱ्याच्या थोरल्या भावाला जेठाजू म्हणतात, आणि आपल्या थोरल्या भावाला दाजू. मीही तेच म्हणायला लागले. तो आला, अग्नी त्यानेच दिला. सगळं त्याने नीट केलं, त्याच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. आणि मग त्याने ठरवलं की मनमायाने आणि मुलीने त्याच्याबरोबर गावी जायचं. पुढचे विधी तिथे, सासू तिथे, घर तिथे. त्याची रजा थोडी होती. खात्यातले पैसे काढायचे आणि निघायचं. पासबुक त्याने स्वतःच्या पिशवीत ठेवलं.

मनमायाला जायचं नव्हतं. मुलगी शाळेत रुळली होती, मालक तिला एकटीला कामावर ठेवायला तयार होता. पण ती हे त्याला सांगू शकत नव्हती. का, तर त्यांच्या चालीत जेठाजूशी धाकट्या भावाच्या बायकोने अंतर राखायचं. त्याला हात लागू द्यायचा नाही, हातातून हातात वस्तू द्यायची-घ्यायची नाही. कुठे कुठे बोलतात, म्हणे. पण हिच्या घरी बोलण्याचीही चाल नव्हती.

शाखेत आम्ही तिघं बाकावर बसलो, मी मधे.

ती खाली बघून म्हणाली, "दिदी, त्यांना सांगा, क्रियेला लागतील तेवढे पैसे मी देते. पण मी हितंच राहते."

मी उजवीकडे वळून सांगितलं. त्याने ऐकलेलंच होतं, एका हाताच्या अंतरावर तर बसला होता. तरी मी सांगेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "बेन, इसको बोलो, अकेली औरत वाडी में कैसे रहेगी?"

मी डावीकडे वळले. ती म्हणाली, "त्यांना सांगा, गेली नऊ वर्षं रात्री मी एकलीच असायची खोलीत. ते झाडांखाली असायचे."

"इसको बोलो, गाँव में लोग क्या कहेंगे?"

मी म्हटलं, "अहो, मी काय दोघांच्या मधला टेलिफोन आहे?" पण दोघंही हसले नाहीत.

एवढ्यात साहेबांनी तिघांना आत बोलावलं. नवीन साहेब, मराठवाड्याकडचे, वयाने माझ्या मुलाएवढे. मी छाती पुढे काढून सांगितलं, "साहेब, दोघांपैकी कोणीही एक किंवा मागे राहील तो, असं खातं आहे. मृत्यूचा दाखला आणलाय. नवऱ्याचं नाव कमी करा, खातं हिचं एकटीचं राहील. वारसाच्या कागदांची गरज नाही." हा नियम मला पाठ होता. याच्यासाठीच तर मी एवढी वर्षं नवऱ्यांशी भांडले.

साहेब म्हणाले, "बरोबर आहे ताई. यांचं आधार द्या."

मनमायाचं आधार अलीकडेच निघालं होतं. साहेबांनी नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं, परत कार्डाकडे पाहिलं. "जन्मतारीख जुळत नाही. आमच्याकडे जून पंच्याण्णव. आधारवर मे चौऱ्याण्णव. एका वर्षाचा फरक आहे."

मी ताडकन म्हटलं, "आधारवाल्यांचं काय घेऊन बसलात? काहीही टाकतात ते."

"असेल. पण नाव तेच आणि तारीख वेगळी, म्हणजे कागदाच्या हिशेबी माणूस वेगळा. फोटोही आठ वर्षांपूर्वीचा आहे. ही तीच बाई, हे ठरत नाही तोवर मला खातं थांबवून ठेवावं लागेल. नाहीतर वारसांनी अर्ज करायचा. त्यांच्या गावच्या कार्यालयातून नात्याचा दाखला आणायचा, यांच्या सासूबाईंची सही आणायची."

म्हणजे गावी जायचं. म्हणजे जेठाजूबरोबरच जायचं. मनमायाला मराठी नीट कळायला लागलं होतं, तिचा चेहरा उतरला.

मी जेठाजूला विचारलं, नुसतं विचारायचं म्हणून, "तुमच्याकडे जेठ महिना कधी येतो हो?"

"मई-जून. बैशाख के बाद."

"ते आमच्याकडेही. पण साल कधी बदलतं? दिवाळीला ना?"

"ना बेन. साल तो बैशाख में बदलता है. पहला महीना है ना."

मी बोटांवर महिने मोजले. गुजराती साल लागतं दिवाळीला, म्हणजे सहा-सात महिने उशिरा. एकावन्न सालचा नेपाळी जेठ येऊन गेला, तेव्हा शारदाबेनच्या घरी अजून पन्नास चालू होतं! मी एक अख्खं वर्ष पुढे गेले होते.

"आणि गते म्हणजे सुद का वद?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "गते मतलब तारीख, बेन. एक, दो, तीन, बत्तीस तक. चाँद से उसका क्या?"

आठ वर्षांपूर्वी मी मनमायाला विचारलं होतं चांदण्यातला की अंधारातला, आणि ती पोर बरोबर उत्तर देत होती. मला ऐकू येत होतं, समजत नव्हतं. समजत नाही हे कबूल करायला मी तयार नव्हते. फॉर्म वाचायला स्वतः शिकलेल्या माणसाला एक खोड असते. आपल्याला येत नाही असं काही उरलंय, हे त्याच्या मनातच येत नाही.

मी साहेबांना म्हटलं, "आधार बरोबर आहे. तारीख मी चुकवली."

साहेब पुढे झुकले. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही हे लेखी दिलंत तर मला वर पाठवावं लागेल. तुमचा कोड बंद करतील. त्यापेक्षा बाईंनाच लिहून देऊ दे, की मी तारीख चुकीची सांगितली होती. चौकशी होईल, महिना-दीड महिना लागेल, पण होईल."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. एक क्षण पटलं. माझी निवृत्ती जवळ आली होती, त्याच महिन्यात नवीन मशीन मिळायचं होतं. आणि महिना-दीड महिना म्हणजे काय मोठंसं, असंही मनाला समजावलं. पण जेठाजूची रजा तेवढी नव्हती. त्या महिन्यात मनमाया नेपाळात पोचली असती आणि मग कुठली परत येते.

तेवढ्यात तीच म्हणाली, "दिदी, मी लिहून देते. तुमची रोजी जाईल."

मला रागच आला. तिचा नाही, माझा. म्हटलं, "तू काय लिहिणार? तू 'गते' म्हणाली होतीस."

साहेबांकडून कोरा कागद घेतला आणि लिहिलं. कोणत्या पंचांगावरून तारीख काढली, कुठे चूक झाली, सगळं. सुंदर अक्षरांतच लिहिलं, तेवढी सवय जात नाही. साहेबांनी गोदामातून जुनी फाईल काढायला सांगितली. त्यात नागरिकतेच्या दाखल्याची प्रत निघाली, जेठ बारा गते स्पष्ट दिसत होतं. वाडीच्या मालकाने येऊन ओळख पटवून सही केली. तिसऱ्या दिवशी काम झालं.

पुढचं आधीच सांगून टाकते. माझा कोड महिन्याभरात बंद झाला. साहेबांनी माझ्या बाजूने लिहिलं होतं, असं कळलं, पण नियम तो नियम. मी मशीन परत केलं आणि नव्याने अर्ज केला नाही. मात्र त्याआधी माझी वही काढली. मी तारखा काढून दिलेले आणखी चार नेपाळी निघाले. दोघं झाईतच होते, एक तलासरीला ढाब्यावर. त्यांच्या तारखा जाऊन दुरुस्त करून घेतल्या. चौथा कुठे गेला ते कोणालाच सांगता आलं नाही. तो माझ्या डोक्यातून जात नाही. कुठल्या तरी बँकेत कोणीतरी त्याला सांगत असेल, की हा माणूस तू नाहीस.

तर तिसरा दिवस. आम्ही परत त्याच बाकावर, मी मधे. साहेबांनी मनमायाला काउंटरवर बोलावलं आणि छापील अर्ज पुढे केला. "हा खात्यातून नाव कमी करण्याचा अर्ज. इथे सही करा."

ती अर्जाकडे बघत राहिली. "कोणाचं नाव?"

"तुमच्या मिस्टरांचं."

"त्यांचं नाव काढायचं, आन् सही माझी?"

साहेब गडबडले. "म्हणजे आता खातं तुमचं आहे ना. तुमच्याशिवाय कोण काढणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी काय बोलायचं, ते कुठल्याच फॉर्ममध्ये लिहिलेलं नसतं. काउंटरवरचं दोऱ्याला बांधलेलं पेन तिने उचललं, दोन रेघा ओढल्या. शाई संपलेली.

जेठाजू माझ्या मागे येऊन उभा होता. त्याच्या शर्टाच्या खिशाला पेन होतं, राखणदारांकडे वहीसाठी असतंच. मला वाटलं, आता ही मला म्हणेल, दिदी, त्यांना सांगा. मी वळलेही.

पण ती माझ्याकडे न बघता, डोक्यावरचा पदर सावरून, थेट त्याला म्हणाली, "दाजू, पेन द्या."

तो दचकला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग त्याने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि तिच्या हातात न देता काउंटरवर ठेवून एक पाऊल मागे सरला. पासबुकही पिशवीतून काढलं आणि पेनाशेजारी ठेवलं.

तिने आधी पासबुक उचललं, काखेत धरलं, आणि मग सही केली.